ग्रहण पाळतो, फवारणी का पाळत नाही?



गरोदर बाईला आपण ग्रहण पाळायला लावतो. विळी धरू देत नाही, अंगणात येऊ देत नाही. ग्रहणाने पोरात व्यंग येते याला काडीचा पुरावा नाही. त्याच बाईला आपण फवारणीसाठी पाण्याचे हंडे वाहायला लावतो, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या कपाशीत निंदायला धाडतो आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे तिच्याच हाताने धुऊन घेतो. पंप बाप्याच्या पाठीवर असला तरी विष बाईपर्यंत पोचते. वेचणीत कापसाची ओटी तर तिच्या पोटाशीच बांधलेली असते.

मुलग्याच्या अवयवांची घडण साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात ठरते. हे काम पुरुषी संप्रेरक करते. डीडीटीचा शरीरात उरणारा अंश आणि इतर काही कीटकनाशके याच संप्रेरकाच्या आड येतात. मग वृषण पिशवीत उतरत नाही, किंवा लघवीचे छिद्र टोकाला न राहता खाली येते.

दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो भागात हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारत. १९९५ ते २००३ या काळात फवारणीच्या गावांत राहिलेल्या आयांच्या मुलग्यांत अशी व्यंगे असण्याची शक्यता ३३ टक्क्यांनी जास्त आढळली. घरीच राबणाऱ्या आयांच्या मुलांत ती आणखी जास्त होती. आपल्याकडे केरळात कासरगोडच्या काजूबागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने तिथल्या पद्रे गावची मुले तपासली. २००३ साली अहवाल आला : मुलगे वयात उशिरा येत होते. वृषण न उतरणे, जन्मजात हर्निया, हायड्रोसील ५.१ टक्के मुलांत होते, दुसऱ्या गावात १.१ टक्के. आकडे लहान, म्हणून तेवढ्यावर शास्त्रज्ञांनी ठाम निकाल दिला नाही. एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टाची बंदी मात्र २०११ साली आली. तोवर तेच औषध आपण कपाशीवर मारत होतो.

प्रत्येक व्यंग विषामुळेच येते असे नाही. पण दोष बाईच्या कुशीला देण्याआधी आपल्या कोठीतला डबा बघा. डब्यावरचा रंगीत त्रिकोण एवढेच सांगतो, की किती विषाने प्राणी लगेच मरतो. पोटातल्या जीवाचे काय होते, ते त्रिकोण सांगत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे गर्भाला अभय नव्हे.

आठव्या आठवड्यात पोट दिसत नाही, कित्येकदा घरात सांगितलेलेही नसते. म्हणून ‘गरोदर बाईने जपावे’ एवढ्याने भागणार नाही. नियम घरातल्या आणि मजुरीवरच्या प्रत्येक बाईसाठी हवा. औषध कालवायला बाई नको. फवारलेल्या रानात निदान तीन दिवस निंदणी-वेचणी नको, आणि त्यापायी तिची मजुरी बुडू नये. फवारणीचे कपडे ज्याचे त्याने वेगळे धुवावेत. डबे राहत्या घरात ठेवू नयेत, रिकाम्या डब्यात पाणी भरू नये. मुलगा जन्मला की वृषण तपासून घ्यावे. सहा महिन्यांत उतरले नाही तर दवाखाना गाठावा. ऑपरेशनने ते जागेवर बसते, उशीर महागात पडतो.

सरकारकडे मागणी एकच : गर्भाला धोका असलेल्या प्रत्येक औषधाच्या डब्यावर ते मराठीत, ठळक अक्षरांत छापा. जिल्हा बैठकीत हा ठराव मांडताना मायबहिणींना पुढच्या रांगेत बसवा. पहिले बोलणे त्यांचे असू द्या.