गच्चीवरचे पाणी ओढ्याच्या माथी नको

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने संसार उद्ध्वस्त केले, माणसे वाहून नेली. त्यानंतर पात्रातली अतिक्रमणे आणि नालेसफाई यांवर बरेच बोलले गेले, ते योग्यच होते. पण ओढ्यात पाणी येते ते पाणलोटातून, आणि कात्रजपासून मुठेपर्यंतच्या या पाणलोटाचा मोठा भाग आज आपल्या गच्च्यांनी, सोसायट्यांच्या आवारांनी व्यापला आहे. म्हणून पावसाचे पाणी अडवण्याची जबाबदारी घरापासूनच सुरू व्हायला हवी.

हिशेब सरळ आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटर पाऊस झाला, तर हजार लिटर. मातीच्या आवारात यातले बरेचसे मुरते. फरशीवरून ते काही मिनिटांत गटारात पोचते. हजारो घरांचे पाणी एकदम आले की ओढा फुगतो, काठ खचतात. जमिनीत काही मुरलेले नसल्याने पुढे तो लवकर आटतो. पहिल्या सरींबरोबर आवारातले ऑइल, साबण, प्लास्टिकही वाहून जाते. त्यात गच्चीचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल, तर वाहिन्या तुंबतात आणि मैलापाणी प्रक्रियेविना नदीला मिळते.

पुण्याखाली काळा कातळ आहे, पाणी मुरणार कुठे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. शोषखड्डा मुरूम किंवा भेगाळ खडक पाहूनच घ्यावा; तसा नसेल तिथे टाकी बांधावी. ढगफुटीसारख्या पावसात टाकी भरून वाहील, हेही खरे. पण पावसाळ्यातल्या कितीतरी सरी लहान असतात आणि आवारातली घाण त्याही वाहून नेतात. हे काम महापालिकेचे आहे, असेही म्हटले जाते. पावसाळी वाहिन्या आणि ओढ्यांची पात्रे सांभाळणे तिचेच कर्तव्य आहे. खासगी आवारातला पाइप मात्र मालकालाच वळवावा लागेल. मोठ्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, मालमत्ता करात सवलतही मिळते. ही सवलत दरवर्षी पावसाळ्यापूर्वी यंत्रणा तपासूनच द्यावी, म्हणजे खड्डे कागदावर राहणार नाहीत.

सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढेच विचारा: आपल्या गच्चीचा पाइप कुठे जातो? तो चेंबरमध्ये जात असेल, तर येत्या पावसाळ्याआधी वेगळा करून घ्या.