आधी घरचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीची लेक चार दिवस आमच्याकडे राहून गेली. मुळशीच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमधून शिकून ती शिष्यवृत्तीवर थेट अमेरिकेला गेली. मेन राज्यात, समुद्रकाठच्या बार हार्बर गावात 'कॉलेज ऑफ द अटलांटिक' आहे, तिथे. विद्यार्थी किती? साडेतीनशेच्या आसपास! आमच्या कॉलेजात एफ.वाय.बी.ए.ला याहून जास्त मुलं असतात, निदान हजेरीपटावर तरी. पदवीही तिथे एकच, ह्यूमन इकॉलॉजीची. म्हणजे माणूस आणि त्याच्या भोवतालचं जग यांचं नातं.

पहिल्याच संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "मावशी, आमच्या नव्या हॉस्टेलच्या संडासांना फ्लशच नाही. सगळ्याचं खत होतं." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढी अमेरिकेला गेलीस ती हेच बघायला?" आम्ही खूप हसलो. पण मला कणकवलीच्या गोपुरीतले आप्पासाहेब पटवर्धन आठवले. मैल्याचं खत करणारे संडास त्यांनी कितीतरी आधी आपल्याकडे करून दाखवले होते. आपण त्यांना 'कोकणचे गांधी' म्हटलं आणि मोकळे झालो.

मग तिने सगळी कहाणीच सांगितली. २००६ मध्ये या चिमुकल्या कॉलेजने जाहीर केलं की आमच्यामुळे हवेत जेवढा कर्बवायू जातो, तेवढा आम्ही भरून काढू. आणि डिसेंबर २००७ मध्ये 'कार्बन न्यूट्रल' झालेलं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज म्हणून त्याचं नाव झालं.

हे केलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे. आधी हिशेब मांडला. तिकडे थंडी कडाक्याची, खोल्या उबदार ठेवायला तेल जाळावं लागतं, ते किती? वीज किती? कर्मचारी आणि मुलं गाड्यांनी येतात-जातात, ते किती? जिथे कपात करता आली तिथे केली. उरलं त्याचे पैसे भरले. तेही कुठे, तर देशाच्या दुसऱ्या टोकाला, ओरेगॉनमधल्या पोर्टलंड शहरात. तिथल्या सिग्नलच्या वेळा अशा जुळवल्या गेल्या की गाड्या इंजिन चालू ठेवून उगाच उभ्या राहू नयेत. तिथे जो धूर वाचला, तो इथल्या खात्यात जमा.

मला हे पटलं नाही. तिला म्हटलंसुद्धा, "अगं, हे म्हणजे मला उपास झेपत नाही म्हणून शेजारणीला पैसे देऊन तिला उपाशी ठेवायचं. पुण्य माझं?" ती म्हणाली, "मावशी, नुसते पैसे भरून भागत नाही, हे कॉलेजलाही कळलं." म्हणून पुढचा निश्चय वेगळा होता: २०३० पर्यंत कॉलेजच्या आवारात तेल, गॅस, कोळसा जाळायचाच नाही. २००८ मध्ये बांधलेल्या वसतिगृहात तेलाऐवजी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळतात. २०२१ मध्ये उघडलेली इमारत तर अशी की आतली ऊब बाहेर जातच नाही, मग जाळायलाच कमी लागतं. गोधडीचाच न्याय की हा! २०१३ मध्ये कॉलेजने आपला पैसा तेल-कोळशाच्या कंपन्यांत गुंतवायचा नाही असंही ठरवलं. आणि दर आठवड्याला सगळं कॉलेज एकत्र बसतं, सभा मुलंच चालवतात.

"आणि तू विमानाने आलीस त्याचं काय?" मी चिडवलं. ती गप्प झाली. म्हणाली, "तेच तर मलाही टोचतं."

आता आमच्याकडचं सांगते. मी इथल्या एका कॉलेजच्या विकास समितीवर आहे, 'सामाजिक कार्यकर्त्या' म्हणून. (खरं म्हणजे त्यांना एक बाई हवी होती.) ग्रीन ऑडिटची जाडजूड फाइल आमच्यापुढे फिरली. रोपं लावतानाचे फोटो, कापडी पिशव्यांचे फोटो. वर्षाला वीज किती युनिट लागते, तो आकडा काही मला सापडला नाही. त्याच बैठकीत नव्या इमारतीचं चित्र आलं. पश्चिमेला तोंड, दर्शनी भाग सगळा काचेचा, वर्गावर्गात एसी. 'पुण्या-मुंबईसारखं' म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मंजुरीसाठी हात वर झाले. त्यात माझाही होता.

घरी आल्यावर झोप लागेना. आमच्या गावात मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो. दुपारचं ऊन त्या काचेतून आत येणार, ते बाहेर काढायला एसी लावणार, आणि त्याचं बिल शेवटी कुणाच्या फीमध्ये जाणार? सकाळची पहिली एसटी धरून, डबा घेऊन येणाऱ्या खेड्यातल्या मुलींच्या. वीज गेली की खिडकी न उघडणाऱ्या वर्गात पेपर लिहिणार त्याच. आणि शेजारीच जुनी इमारत उभी आहे. दगडी भिंती, उंच छत, मंगलोरी कौलं, चारी बाजूंनी व्हरांडा. भर दुपारी तिथे पंख्यावर भागतं. ती बांधणाऱ्यांनी ग्रीन ऑडिट केलं नव्हतं हो!

'अमेरिकेने धूर करायचा आणि काटकसर आम्ही करायची?' असं कुणी विचारेल. विचारावं, मुद्दा खरा आहे. पण ही काच अमेरिकेने नाही बसवली, आम्हीच बसवतो आहोत.

चार दिवसांनी मी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन वर्षभराची वीजबिलं मागितली. क्लार्क चकित. "ताई, ती आजवर कुणीच मागितली नाहीत." नऊ महिन्यांची मिळाली, तीन शोधून ठेवतो म्हणाले. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आकडे उतरवून घेतले आहेत. पुढची बैठक दुसऱ्या शनिवारी आहे आणि नकाशा अजून नगरपालिकेत गेलेला नाही. पश्चिमेची काच काढून तिथे व्हरांडा करता येतो का, एवढं विचारणार आहे. आणि मागच्या वेळी वर केलेला माझा हात मी खाली घेते आहे, हेही इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगणार आहे.