सात किंवा सतरा

क्रूझ जहाजावरच्या कॅसिनोत मी नऊ वर्षं ब्लॅकजॅकचा डीलर होतो. समोरच्याला एक्का आणि छक्की आली की आम्ही मोठ्याने म्हणायचो, “सात किंवा सतरा.” एक्का एक धरा नाहीतर अकरा, म्हणून दोन बेरजा. याला सॉफ्ट हँड म्हणतात. पण बहुतेकांच्या कानात ‘सतरा’ तेवढंच शिरायचं. ते तळहात टेबलावर आडवा फिरवायचे, म्हणजे पान नको. हातच्या पानांची बेरीज एकवीसच्या वर गेली की डाव बुडतो, ती धास्ती मनात असायची. खरं तर या हातात ते एका पानाने बुडणं शक्यच नव्हतं.

आता मी वेंगुर्ल्यात असतो. गेल्या महिन्यात माझा भाचा आला. मित्राच्या लग्नाआधी सगळे पणजीला निघाले होते, मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर. “मामा, जिंकण्याची ट्रिक सांग.” ट्रिक नाही, पण हिशोब आहे, म्हटलं. डब्यातले चिंचोके काढले, पन्नास त्याला दिले आणि पत्ते पिसले. पाचव्या-सहाव्या डावाला त्याला एक्का-छक्की आली. माझं उघडं पान सत्ती. तो लगेच थांबला. “मामा, सतरा झाले मां, आता पान कित्याक?”

त्याला विचारलं, सतरावर तू जिंकणार कधी? डीलरला सतरा होईपर्यंत पानं घ्यावीच लागतात. म्हणजे तो बुडाला नाही तर त्याचे सतरा किंवा जास्तच होणार. सतराने सतराशी फार तर बरोबरी होते. मी बुडालो तरच तुझं सतरा जिंकतं. मग तुझ्या बारात आणि सतरात फरक उरला तो फक्त त्या बरोबरीचा.

आता पान मागितलंस तर काय होईल ते मोज. तेरा प्रकारची पानं. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी आली तर अठरा ते एकवीस, हात सुधारला. दश्शी, गुलाम, राणी, राजा (सगळे दहाचेच) आले तर एक्का एक धरून सतराच राहिले. उरलेल्या पाच पानांनी बारा ते सोळा होतात. हात घसरला खरा, पण बुडाला नाही, आणि पुढचं पान मागायची सोय राहिलीच. डीलरच्या सत्तीसमोर सतरावर थांबणारा शंभर डावांत सरासरी दहा-अकरा बेट, म्हणजे एका डावावर लावलेल्या रकमेच्या तेवढ्या पट, गमावतो. पान घेणारा पाचेक बेट कमावतो. म्हणून या हातावर कधीच थांबायचं नाही. डीलरचं पान तिर्रीपासून छक्कीपर्यंत असेल तर तो कमजोर असतो. तिथे बेट दुप्पट करून एक पान घ्यायचं. एरवी नुसतं पान मागायचं.

एक्का-सत्तीचे अठरा याहून अवघड. दुर्री, सत्ती, अठ्ठीसमोर थांबायचं. तिर्री ते छक्कीसमोर दुप्पट करायचं. नव्वी, दश्शी, चित्र किंवा एक्का दिसला तर पान घ्यायचं. अठरा हातात असताना पान मागायला माणसाचा हात उचलत नाही, हे मी रोज पाहत होतो. पण नव्वीसमोर अठरावर थांबलं तर शंभर डावांत साधारण अठरा बेट जातात, पान घेतलं तर दहा. दोन्हीकडे तोटाच आहे. शहाणपण कमी तोट्याची वाट धरण्यात आहे. नऊ वर्षांत या खेळाने मला शिकवलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

हा हिशोब कुणा जुगाऱ्याने अंदाजाने बांधलेला नाही. अमेरिकेत मेरीलँडमधल्या अॅबरडीन इथे लष्करात असलेल्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडर्मट यांनी तो टेबलावरच्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून काढला आणि १९५६ साली अमेरिकन सांख्यिकी संघटनेच्या नियतकालिकात छापला. आणि स्वतः कॅसिनो काय करतो पाहा. अनेक टेबलांवर छापलेलं असतं की डीलर सॉफ्ट सतरावर पान घेईल. त्या एका नियमाने कॅसिनोचा फायदा सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो. ज्या हातावर गिऱ्हाईक समाधान मानतं, त्यावर कॅसिनो थांबत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. हे सगळं बिनचूक खेळलं तरी चांगल्या नियमांच्या टेबलावर कॅसिनो सुमारे अर्धा टक्का पुढे राहतोच. तासाला साठ डाव, दर डावाला पाचशे रुपये, पाच तास: तीनशे डाव, दीड लाखाची बेट लागली. अर्धा टक्का म्हणजे सरासरी ७५० रुपये गेले. चुका करत खेळणाऱ्याचे दोन टक्के सहज जातात, म्हणजे तीन हजार. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पानांत एकवीस, लागल्यावर शंभराला दीडशेऐवजी एकशेवीसच देणारं टेबल असेल तर आणखी सुमारे १.४ टक्के धरा. त्यात चिप्सच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी: ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४०. अचूक खेळून वाचवलेला टक्का-दीड टक्का त्यापुढे कुठे टिकणार?

गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे. मग त्या टेबलांवर बसतात ते बाहेरचे, त्यात आपल्याकडची पोरं. त्यांना आपण काय देऊन पाठवतो? घरात “जुगार वाईट” हे दोन शब्द आणि मोबाइलवर “हमखास जिंका”चे व्हिडिओ. पहिल्याला कारण जोडलेलं नाही, दुसरा खोटा आहे.

दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचा धडा आहे, त्यात पत्त्यांची उदाहरणं आहेत. बदामची राणी येण्याची संभाव्यता काढली की धडा संपतो. मी म्हणतो, त्याच वर्गात चिंचोके वाटा आणि एक्का-छक्कीचा हात मांडा. पान घेऊ की थांबू, मुलांनाच मोजू द्या. मग तीनशे डावांची बेरीज करायला लावा. मुलं बिघडतील म्हणणाऱ्यांना माझं उत्तर एवढंच, की टेबलावर आलेल्यांत हिशोब येणारे मला फार थोडे दिसले, आणि ते ठरलेल्या वेळी उठून जायचे. पहाटेपर्यंत बसायचे ते ज्यांना आपला तोटा मोजता येत नव्हता ते.

त्या रात्री भाच्याच्या पन्नासाचे छप्पन्न चिंचोके झाले होते. त्याचे डोळे चमकले. मी कागद पुढे सरकवला आणि तीनशे डावांचा गुणाकार करायला लावला. ७५०चा आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहिला, मग दुसऱ्यांदा तपासला. “म्हणजे बरोबर खेळलो तरी हे जाणारच?” होय, म्हटलं. तो पणजीला गेला. निघताना खिशात किती न्यायचे, ते मात्र त्याने आधी ठरवलं होतं आणि गेले असंच धरलं होतं.