औटकी

गेल्या महिन्यांत आमचें आमच्या नातवाशीं भांडण झालें. साठी उलटलेल्या माणसानें सात वर्षांच्या मुलाशीं भांडावें हें वाचकांस शोभणारें वाटणार नाहीं. पण झालें खरें, आणि हार आमची झाली, हेंहि येथेंच सांगून टाकतों.

निमित्त औटकीचें. ज्यांचें बाळपण मराठी शाळेंत गेलें त्यांस तिची ओळख करून द्यावयास नको. शाळा सुटण्यास थोडा अवकाश उरला कीं गुरुजी टेबलावर छडी आपटीत आणि सारा वर्ग उभा राहून परवचा सुरू होई. एकानें पुढें सांगावें, बाकीच्यांनीं मागून ओढावें. पाढे तिसांपर्यंत झाले कीं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटीं औटकी. कोणाचें लक्ष दाराकडे, कोणाचें दप्तराकडे. पाटी पुसण्याच्या ओल्या फडक्याचा तो आंबूस वास अद्यापि आमच्या नाकांत आहे. थुंकीनें पाटी पुसणें हें पाप, असें घरीं शिकविलेलें. पण फडकें वाळलें कीं तें पाप आम्ही निःशंकपणें करीत असूं. दसऱ्यास तीच पाटी धुऊन, तिच्यावर एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढून, झेंडूचें फूल वाहतांना मनांतल्या मनांत वर्षभराची क्षमा मागून घ्यावयाची!

तर नातवास आम्हीं औटकी शिकवावयास घेतली. दुसऱ्याच दिवशीं त्यानें विचारलें, "आजोबा, औट म्हणजे काय?"

आमची कळी खुलली. अर्धचतुर्थ, म्हणजे ज्यांतील चौथा अर्धाच आहे तें. त्याचें प्राकृतांत अद्धुट्ठ झालें आणि त्यावरून औट. तसेंच अर्धतृतीयापासून अडीच, सपादापासून सवा, पादोनापासून पाऊण. संतांनीं देहास औट हात म्हटलें तें यामुळेंच. पोरानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाला, "म्हणजे साडेतीन. पण ह्याचें करायचें काय?"

आम्हीं सांगितलें, रुपयाचे आणे सोळा आणि मणाचे शेर चाळीस होते. तेव्हां साडेतीन आणे शेराचा जिन्नस बारा शेर घेतला, तर औटकी येणारा मुलगा तत्काळ बेचाळीस म्हणे. म्हणजे दोन रुपये दहा आणे. कागद नको, पेन्सिल नको.

"तुम्ही दिले होते आणे?"

येथें आमची गाडी अडली. दशमान नाणीं सुरू झालीं १ एप्रिल १९५७ रोजीं. आमचा जन्म त्यानंतरचा. ज्या नाण्यांसाठीं ती औटकी, तीं आम्हीं कधीं दुकानदारापुढें ठेविलींच नव्हतीं. आणि उत्तर नसलें म्हणजे मास्तर जें करतात तेंच आम्हीं केलें: वर्ग गप्प करण्याचा आवाज काढला. मुलगा गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला तो आमच्याजवळ बसावयास आला नाहीं. तिसऱ्याहि दिवशीं नाहीं.

आमच्या वेळचीं मुलें कशीं साधीं होतीं, हें आम्हीं ह्याच पानांवर अनेकदां लिहिलें आहे. त्या दोन संध्याकाळीं वाटूं लागलें कीं, साधा प्रश्न तर ह्या मुलानें विचारला. आमच्या साधेपणांत विचारण्याची मुभाच नव्हती. आमचे आजोबा धान्याच्या पेढीवर कारकून होते. औटकीवर त्यांनीं तीस वर्षें घर चालविलें. नवे पैसे आले आणि ती विद्या एका रात्रींत निरुपयोगी झाली. तरी ते रोज संध्याकाळीं ती आमच्याकडून म्हणवून घेत. म्हणतांना त्यांचे डोळे मिटलेले असत. त्यांना झोंप येते असें समजून आम्ही मधल्या दोन ओळी गाळीत असूं. काय वाटत होतें त्यांना? विचारलें नाहीं.

चौथ्या दिवशीं नातू आपण होऊन आला. कपाटांतल्या जुन्या डबींतून त्यानें पंचवीस पैशांचें एक नाणें काढलें होतें. ३० जून २०११ नंतर तें व्यवहारांतून गेलें, त्यामुळें त्यानें तें कधीं पाहिलेलें नव्हतें.

"हें काय आहे?"

"पावली. पाव रुपया."

"म्हणजे पावकींतलाच पाव?"

"तोच."

त्यानें तें नाणें मुठींत घट्ट धरलें आणि आमच्या शेजारीं मांडी घातली.