लेकी बोले, सुने लागे

परवा जुन्या ऑफिसातला एक सहकारी लक्ष्मी रोडवर अचानक भेटला. चहा झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. निघताना तो हसत म्हणाला, "सर, तेव्हा तुम्ही मला स्पष्ट सांगितलं असतंत ना, तर बरं झालं असतं." आवाजात राग अजिबात नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

झालं होतं असं. मी टीम लीडर होतो आणि याचं प्रमोशन होणार नाही हे मला जानेवारीतच कळलं होतं. त्याने विचारलं की मी म्हणायचो, "बघू, प्रयत्न चालू आहेत." कसले प्रयत्न नि कसलं काय! वरून सरळ 'नाही' आलं होतं. कारणही होतं. काम चोख, पण क्लायंटशी बोलायची वेळ आली की हा गप्प. हे तोंडावर सांगितलं तर त्याचा चेहरा उतरेल, म्हणून एकदा मीटिंगमध्ये सगळ्यांना मिळून म्हणालो, "क्लायंटशी जरा मोकळेपणाने बोलत जा रे." लेकी बोले, सुने लागे. पण सुनेला ते लागलंच नाही! एप्रिलमध्ये यादी लागली. तोवर त्याने वाढीव पगाराच्या भरवशावर फ्लॅट बुक करून टाकला होता.

मी तेव्हा स्वतःला मोठा माणसं सांभाळणारा साहेब समजत होतो. आता वाटतं, मी सांभाळत होतो ते स्वतःलाच. ती दहा अवघड मिनिटं मला नको होती. मी टाळली, आणि हप्ते त्याने भरले.

ही झाली वरून खाली न पोचलेली गोष्ट. खालून वर न पोचलेली गोष्ट याहून महागात पडते. चॅलेंजर यानाची हकीकत बऱ्याच जणांना माहीत असेल. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनियरांनी नासाला फोनवर बजावलं होतं: थंडीत सांध्यातल्या रबरी ओ-रिंग नीट काम करणार नाहीत, ५३ अंश फॅरनहाइटच्या (म्हणजे साधारण १२ सेल्सियसच्या) खाली उड्डाण नको. नासाच्या तिथल्या अधिकाऱ्यांना ते पटलं नाही. मग कंपनीच्या मॅनेजरांनी अर्धा तास आपापसात खलबत केलं आणि नकाराचा होकार झाला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सगळं संपलं. सातही अंतराळवीर गेले. चौकशी आयोगाच्या अहवालातली एक गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांना इंजिनियरांच्या या विरोधाची कल्पनाच नव्हती. बोलणारे बोलले होते, मधल्यांनी ते मधेच जिरवलं.

आमच्या ऑफिसात कोणाचा जीव जात नव्हता, पण रीत तीच. दर सोमवारी मला "सर, ऑलमोस्ट डन" ऐकू यायचं आणि शुक्रवारी कळायचं की निम्मंही झालेलं नाही. मी पोरांवर चिडायचो. पण वाईट बातमी आणणाऱ्यावर पहिल्यांदा आवाज चढवला होता तो मीच. मग कोण कशाला खरं सांगेल?

स्पष्ट बोलणं म्हणजे फटकळपणा मात्र नव्हे. आम्हा पुणेकरांची इथे नेहमी गल्लत होते! चार लोकांत पाणउतारा करून वर "मी बुवा स्पष्टवक्ता" म्हणणारे साहेब मी पाहिलेत. खरं बोलायचं ते एकट्यात बोलावं, वेळेवर बोलावं, आणि समोरच्याच्या हातात काही करण्यासारखं असेतोवर बोलावं. माझ्या त्या सहकाऱ्याला जानेवारीत कळलं असतं तर हातात तीन महिने होते. तो क्लायंटशी बोलायला शिकला असता, नाहीतर दुसरी नोकरी शोधली असती. निदान फ्लॅटसाठी थांबला असता.

त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले आणि "चुकलं माझं" एवढंच म्हणालो. त्यालाही मला इतकी वर्षं लागली.

असो. तुम्हीही कोणाला असंच "बघू" म्हणून ठेवलंय का? उद्याच सांगून टाका.