साहाय्यक निर्मात्याचें नांव

आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित कुटुंबांत नुकताच एक वाद झाला व त्यास आम्ही साक्षी होतों. घरची मुलगी एम्. ए. होऊन शहरांतील एका कलाकेंद्रांत 'असिस्टंट प्रोड्यूसर', म्हणजे साहाय्यक निर्माती, म्हणून नोकरीस लागली. वडिलांनीं विचारलें, "म्हणजे तूं तेथें गाणार, नाचणार, कीं नाटकें लिहिणार?" "यांतलें कांहींच नाहीं, बाबा. हें सारें घडावें म्हणून जें करावें लागतें तें मी करणार." वडील गप्प बसले, परंतु वेतनाचा आंकडा ऐकल्यावर त्यांस गप्प बसवेना. त्यांचा राग मुलीवर होता. आमचा अशा केंद्रांच्या चालकांवर आहे, आणि थोडासा स्वतःवरही.

संगीत, नृत्य, नाट्य, चित्र व काव्य यांस एका छताखालीं आणणारीं केंद्रें आतां नवलाईचीं राहिलेलीं नाहींत. भोपाळचें भारत भवन १९८२ सालीं उघडलें. पणजीस कला अकादमी आहे. मुंबईचें नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स १९६९ सालीं स्थापन झालें. या शेवटच्या केंद्रांत १९८० चें टाटा थिएटर आपल्या रागसंगीतास ध्वनिक्षेपकाची गरज पडूं नये अशा बेतानें बांधलेलें आहे, तर १९८६ च्या एक्स्पेरिमेंटल थिएटरमध्यें खुर्च्या हव्या तशा मांडतां येतात. फिलिप जॉन्सन आणि चार्ल्स कोरिया हीं या वास्तूंच्या शिल्पज्ञांचीं नांवें आमच्या वाचकांस ठाऊक असतील. आम्ही येथें यांपैकीं कोणा एका संस्थेवर ठपका ठेवीत नाहीं. रोग एका घरचा नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, छत बांधल्यानें कला एकत्र नांदूं लागत नाहींत, आणि खुर्च्या आपण होऊन फिरत नाहींत.

त्या फिरवितो कोण? मुंबईच्या दमट हवेंत पुडी सैल पडून तबल्याचा स्वर उतरतो, म्हणून तबलजीस सभागृह दुपारपासून गार व कोरडें हवें. त्याच गारव्यानें गवयाचा घसा धरतो. कथकच्या नर्तिकेस लाकडी तक्तपोशी पाहिजे व तींत एकही खिळा वर आलेला चालत नाहीं. आणि तिच्या तालमीची वेळ संपण्यापूर्वींच नाटकाचें नेपथ्य घेऊन ट्रक दाराशीं उभा असतो. नाटकास रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचें प्रमाणपत्र आहे कीं नाहीं, बाहेरगांवच्या वादकांचीं तिकिटें आलीं कीं नाहींत, त्यांतल्या कोणाचा उपास आहे आणि कोणास कांदा वर्ज्य आहे, करारपत्रांत ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणास दिला, अंदाजपत्रकांत रंगाचे पैसे धरले होते तितकेच लागले काय, हें सारें एकाच माणसाच्या वहींत असतें. तबलजी व गवई यांच्यांत निवाडा करावयाचा तो त्यानेंच, आणि असा कीं दोघांसही आपलेंच म्हणणें राहिलें असें वाटावें. ही हमाली आहे असें ज्यास वाटत असेल त्यानें एक संध्याकाळ ती करून पाहावी. गाण्याची जाण, नाटकाची जाण, हिशेबाची जाण आणि माणसांची जाण या चारही एका ठिकाणीं मिळणें दुर्मिळ आहे.

(आपल्या नाट्यव्यवसायांत निर्माता म्हणजे पैसे घालणारा. या साहाय्यक निर्मात्याच्या खिशांत बहुधा लोकलचा पासच तेवढा असतो.)

यावर केंद्रचालकांचें ठरलेलें उत्तर असें, कीं ही कलेची सेवा आहे, उमेदवारीचा काळ आहे, येथें जो अनुभव मिळतो तोच मोबदला समजावा. पूर्वींच्या नाटकमंडळ्यांत पोरें पडदे ओढूनच मोठीं झालीं. हा दाखला मुळींच लागू पडत नाहीं. त्या मंडळ्या आपल्या बिऱ्हाडांतील माणसांस जेवूं घालीत, मुक्कामीं निजावयास जागा देत. त्यांच्या व्यवस्थेचें काम अनामही नव्हतें: किर्लोस्कर नाटक मंडळीचे व्यवस्थापक शंकर बापूजी मुजुमदार हे मराठी रंगभूमीच्या इतिहासांत नांवानिशीं उभे आहेत. जुन्या काळचा हवाला द्यावयाचा, पण त्याची पंगत तेवढी गाळावयाची, ही कोणती रीत?

आणि अनुभवावर पोट भरावयाचें तर तें कोणाचें भरेल? ज्याचे वडील भाडें भरतात त्याचें. रात्रीं अकरा वाजतां पडदा पडल्यावर शेवटची गाडी गांठून डोंबिवलीस जाणारा मुलगा दोन वर्षें तग धरतो व मग एखाद्या जाहिरात-कंपनींत निघून जातो. त्याच्याबरोबर, तंबोरे कोणत्या खोलींत ठेवल्यास टिकतात येथपासूनचें सारें ज्ञानही जातें. मागें उरतात ते सुखवस्तु घरांतले, आणि मग कोणतें नाटक बोलवावें, कोणतें लोकांस 'झेपणार नाहीं', याचा सल्लाही तेच देतात. तमाशाचा फड किंवा दशावताराची मंडळी अशा केंद्रांत क्वचितच कां दिसते, याचें एक कारण येथेंही शोधावें.

आतां आमच्या अंगावर. ज्यास आपण धंदेवाईक म्हणून नाक मुरडतों त्या मराठी नाटकाच्या वर्तमानपत्री जाहिरातींत व्यवस्था पाहणाऱ्याचें नांव 'सूत्रधार' म्हणून छापलेलें असतें. अभिरुचीचा टेंभा मिरविणाऱ्या किती केंद्रांच्या कार्यक्रमपत्रिकांत तें आढळतें? आणि आमच्या परीक्षणांत तरी तें कधीं आलें? एका केंद्रास आम्ही पत्र लिहून एका महोत्सवाच्या साहाय्यक निर्मात्याचें नांव विचारलें. 'असें नांव देण्याचा प्रघात नाहीं' असें उत्तर आलें. त्याखालीं संचालकांकरितां म्हणून सही होती. चौकशीअंतीं कळलें कीं ती साहाय्यक निर्मात्याचीच.

पुढील अंकापासून आमच्या परीक्षणांत कलावंतांच्या नांवांखालीं हें नांवही छापण्याचें आम्ही ठरविलें आहे. केंद्रांनीं तें कळवावें. न कळविल्यास तेवढी ओळ आम्ही कोरी सोडूं व तिच्यापुढें केंद्राचें नांव घालूं. त्या मुलीच्या वडिलांस आमची एक विनंति आहे: येत्या शनिवारीं तिचा पहिला महोत्सव आहे, तर तिकीट काढून जावें, आणि मध्यंतरांत तिला गांठूं नये, कारण त्या वेळीं ती तक्तपोशींतले खिळे पाहत असेल.