प्रवाळांचा कागदी कैवार

चंडीगडला नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना समुद्र दिसतो तो रजा घेऊन गावी गेल्यावर. परत आल्यावर बैठकीतील तक्रार ठरलेली : सुरमई महाग झाली, बांगडा दिसेनासा झाला. मग सरकारला चार शब्द सुनावून आम्ही चहाचा पेला खाली ठेवतो. हे सरकार म्हणजे कोण, असे मात्र कोणी विचारीत नाही. कारण उत्तर त्याच बैठकीत पाय पसरून बसलेले असते.

मालवणचेच घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे नुसता दगड नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत होय. गोलाकार खडकासारखे दिसणारे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. त्याच्या कपारींत गोबरा, तांबोशी यांसारखे मासे आसरा घेतात. उलट तळाशी ओढावयाचे ट्रॉलरचे जाळे जड फळ्या आणि वजनदार दोर घेऊन खरडत जाते. त्याच्या वाटेत प्रवाळ आले की मोडलेच. जे वाचते त्यावर उठलेला गाळ बसतो आणि सूर्यप्रकाश तुटतो. शंभर वर्षांची वाढ एका फेरीत संपते.

यावर कायदा नाही काय? कायद्यांचा तर सुकाळ आहे! महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा. मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले. क्षेत्र 29 चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक. खडक बांधणारी प्रवाळे 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसली. पर्ससीन जाळ्यांवर राज्याने 2016 साली निर्बंध घातले. दिव्यांच्या झोतातील मासेमारीस केंद्राने 2017 साली बंदी केली. 2021 च्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या. एवढे असूनही रात्री किनाऱ्यालगत येणाऱ्या परक्या नौकांविरुद्ध मालवणचा पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडीतच आहे.

याचे कारण आम्हां कारकुनांना ठाऊक आहे. प्रवाळ वनखात्याचे, मासा मत्स्यखात्याचे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत राज्याचा अंमल, त्यापुढे केंद्राचा. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटरांवर समुद्रात बुडालेले जे विस्तीर्ण प्रवाळक्षेत्र आहे, त्याला कान्होजी आंग्र्यांवरून ‘आंग्रिया’ म्हणतात. आंग्र्यांचे आरमार ज्या पाण्यात फिरले, तेथे आज राज्याचा कायदा पोहोचत नाही आणि दिल्लीला ते दूर पडते. मधल्या पाण्यात जाळे मोकळे!

कोणी म्हणेल, प्रवाळांना मारतो तो तापता समुद्र. मच्छीमाराला बोल कशाला? समुद्र तापतो आहे आणि त्याने प्रवाळ पांढरे पडतात, हे खरेच. पण तापाने फणफणलेल्या माणसाला, तो आजारीच आहे म्हणून, लाथ मारावी हे कोणते वैद्यक? पांढरे पडलेले प्रवाळ शांत पाण्यात पुन्हा सावरू शकते. चुरा झालेल्याची आशा कोणी धरावी?

दुसरा म्हणेल, निर्यात आणि रोजगार यांचे काय? आम्ही हिशेबनीस माणसे, हिशेबानेच बोलतो. मासळी हे व्याज आहे आणि प्रवाळ हे मुद्दल. मुद्दल मोडून आलेली रक्कम उत्पन्नाच्या रकान्यात लिहिणाऱ्या कारकुनावर आपण ठपका ठेवतो. येथे त्यालाच विकास म्हणतो.

अभयारण्याला स्थानिक कोळी-गाबितांनीच विरोध केला, असेही ऐकविले जाते. केला, आणि का करू नये? रापण ओढून पोट भरणाऱ्याला नियम दाखवावयाचा आणि मोठ्या इंजिनाच्या नौकेपुढे डोळे मिटावयाचे, हा न्याय त्याने ओळखला होता. प्रवाळांचा शत्रू तो नव्हे. त्यांचा सर्वांत जवळचा पहारेकरी तोच होऊ शकतो. त्याला विश्वासात घेऊन गस्त घालावी, दोन्ही खात्यांची गस्त एक असावी आणि बारा मैलांच्या रेषेवर जबाबदारी बुडू नये, एवढीच आमची मागणी आहे.

आणि एक मागणी स्वतःकडे. आमच्यापैकी कित्येकांच्या मेजावरून अशी गाऱ्हाणी जातात. त्यांवर ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित’ असा शेरा मारून आम्ही प्रकरण निकाली काढतो. यापुढे कोणत्या तारखेस कोणती गस्तनौका कोठे गेली, याचे उत्तर आल्यावाचून त्या कागदावर ‘निकाली’ लिहू नये. एवढे साधत नसेल, तर पुढल्या बैठकीत सुरमईच्या भावाविषयी तोंड उघडण्याचा अधिकार आम्हांस नाही.